यादीतली शेवटची फाइल

संध्याकाळी साडेपाच झाले की मोहोड सर कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि स्क्रीनवरची यादी मोठ्यानं वाचायला लागायचे. एकेक नाव घेऊन, हजेरी घेतात तसं. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. मला सहाची देवळीची बस गाठायची असायची आणि सर वाचतायत आपले सावकाश. आता सर जाऊन दीड वर्ष झालं, आणि साडेपाचला माझेच ओठ हलायला लागतात. नवी पोरं एकमेकांकडे बघतात. बघू देत.

आमचं काम सॉफ्टवेअरचं. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, सहा माणसं, एक कूलर. रक्त तपासल्यावर लॅबमधून जो छापील रिपोर्ट हातात येतो, तो तयार करणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. प्रोग्रामच्या फाइलींत जे बदल होतात ते गिट नावाच्या प्रणालीत नोंदवून ठेवायचे, त्याला कमिट म्हणतात. जे कमिट झालं तेच पुढे लॅबच्या सर्व्हरवर जातं. कमिटच्या आधी गिटला स्थिती विचारली की ते दोन याद्या दाखवतं. वरच्या यादीत त्याच्या ओळखीच्या, बदल झालेल्या फाइली. खालच्या यादीत अनट्रॅक्ड फाइली, म्हणजे फोल्डरमध्ये आहेत, पण गिटच्या हवाली कोणी केलेल्याच नाहीत अशा. त्या आपणहून कमिटमध्ये जात नाहीत. त्यांचं काय करायचं ते माणसानं सांगावं लागतं. घे, नाहीतर दुर्लक्षाच्या यादीत टाकून कायमची सोडून दे, नाहीतर पुसून टाक. बहुतेक लोक काहीच सांगत नाहीत, आणि यादी वाढत जाते.

सरांच्या मशीनवर ती कधी वाढली नाही. प्रत्येक नावाला ते थांबायचे. ‘ही कोणाची? कामाची हाय का? मग घ्या. नाई? मग काऊन ठेवली?’ आम्ही कमिट करायला बसलो की पाठीमागून येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘खालून वाच बेटा. वरचं मशीनले माहीत हाय. खालचं फक्त तुले माहीत हाय.’

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. तेव्हा वाटायचं, म्हातारपणाची टकळी आहे.

तसे सर दिसायला अगदी साधे. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यातलं एक कधीच चालायचं नाही, पण दोन्ही असायची. आधी ते कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचे, मग कॉम्प्युटर आले तेव्हा स्वतःच पुस्तकं आणून शिकले. बायको वारली होती, मुलगा पुण्याला. सावंगीच्या रस्त्याला त्यांचं छोटं घर होतं, तिथं एकटेच राहायचे. चहा बशीत ओतून प्यायचे आणि फोनवर कोणाशीही बोलताना उभे राहायचे. लॅबवाल्याचा फोन असो की मुलाचा, उठून उभे. विचारलं तर म्हणाले, ‘बसून बोललं का माणूस अर्धं ऐकते.’

आणि वांगी. हे सांगितलंच पाहिजे. दर सोमवारी सकाळी सर कापडी पिशवी भरून वांगी घेऊन ऑफिसात यायचे. रविवारच्या बाजारातून आणलेली. एकट्या माणसाला एवढी वांगी कशाला? मग ती आमच्यात वाटली जायची. खालच्या औषधवाल्याला, झाडणाऱ्या मावशींना, मला. मला वांगं जन्मात आवडलं नाही. एकदा मी चिडून म्हटलं, ‘सर, बाजारात भेंडी मिळत नाही का? पालक? काहीही?’

‘त्याच्यापाशी वांगेच असते,’ सर म्हणाले.

‘मग दुसऱ्यापाशी जा.’

सर हसले नाहीत. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून आपल्या जागेवर गेले. मला वाटलं, रागावले. पुढच्या सोमवारी पुन्हा वांगी.

मी लागले तेव्हा माझी मिजास भारी होती. नागपुरात कोर्स केलेला, हात कीबोर्डवर भराभर चालायचे. पहिल्याच आठवड्यात मी एका झटक्यात ‘सगळं घे’ असं सांगून कमिट केलं आणि चहाला गेले. परत आले तर सर माझ्या खुर्चीवर. स्क्रीनवर माझा लग्नाचा बायोडाटा. आईनं पाठवायला सांगितला होता म्हणून मी त्याच फोल्डरमध्ये उतरवून ठेवला होता, आणि तो आता कंपनीच्या इतिहासात दाखल झाला होता. वर्ण गव्हाळ, स्वभाव शांत.

‘उंची पाच तीन लिवली,’ सर म्हणाले. ‘बरोबर हाय का?’

मी म्हटलं, ‘पाच दोन.’

‘मंग दुरुस्त कर. आन् शांत स्वभावाचं बी पाय.’

एवढं बोलून त्यांनी ते कमिट मागे घेतलं, फाइल बाहेर काढून माझ्या पेन ड्राइव्हवर टाकली आणि कोणाला अक्षर बोलले नाहीत. मी मात्र आजवर ‘सगळं घे’ ही आज्ञा टाइप केलेली नाही. ते स्थळ हातचं गेलं ते वेगळं.

सर कोणावर ओरडल्याचं मी नऊ वर्षांत एकदाच पाहिलं, आणि ते माझ्यावरच. त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला होता. त्यांची मशीन मला मिळणार होती, म्हणून मी शेजारी बसून त्यांचं काम समजून घेत होते. सर पाणी प्यायला उठले. मी सवयीनं स्थिती विचारली. वरची यादी कोरी. खालच्या यादीत एकच नाव, देवळी. मला ते नाव माहीत होतं. रोज संध्याकाळी सर यादी वाचायचे तेव्हा शेवटी ते यायचंच, आणि तेवढ्या एका नावाला ते थांबायचे नाहीत. ‘देवळी. राहू दे,’ असं पुटपुटायचे आणि मशीन बंद करायचे. मी देवळीची, म्हणून आधी मला वाटायचं की माझ्याबद्दल काही लिहून ठेवलंय. नंतर त्याचं काही वाटेनासं झालं.

त्या दिवशी मनात आलं, जाताना सरांची यादी साफ करून देऊ. अनट्रॅक्ड फाइली सरसकट पुसण्याची एक आज्ञा असते. ती मी टाइप केली. गिटकडे अशा फाइलींची कुठलीच नोंद नसते, त्यामुळे एकदा पुसल्या की परत आणता येत नाहीत. माझं बोट एंटरवर होतं.

‘थांब.’

सरांनी माझं मनगट धरलं. ग्लास खाली पडला, पाणी फरशीवर. दुसऱ्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. मग त्यांनीच हात सोडला, खाली बसून फडक्यानं पाणी पुसलं, आणि लोक आपापल्या जागेवर गेल्यावर म्हणाले, ‘माफ कर बेटा.’

मी भेदरले होते, पण तोंड गप्प बसत नाही. ‘सर, आम्हाला रोज सांगता, घे नाहीतर सोड. मग ही काय म्हणून वर्षानुवर्षं लटकवून ठेवली? दुर्लक्षाच्या यादीत टाकायची तर टाकून द्यायची.’

‘तिथं टाकली का मंग दिसत नाई,’ सर म्हणाले. ‘मले ते रोज दिसली पायजे.’

आणि त्यांनी फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली.

त्या दुपारी सरांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं सांगते. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी प्रोग्राममध्ये एक सुधारणा केली. रक्तातलं हिमोग्लोबिन मोठ्या बाईचं बारा असलं तर चालतं, पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं बारा म्हणजे फार कमी. आकडा कमी असला की रिपोर्टवर त्याच्यापुढे खूण छापून येते आणि डॉक्टरांची नजर तिथे जाते. नवजात बाळांचे आकडे वेगळे ठेवायला सरांनी एक नवी फाइल केली. प्रोग्रामला सांगितलं, बाळ असेल तर या फाइलीत बघ, आणि फाइल सापडली नाही तर मोठ्यांचे आकडे धर. सगळं तपासून पाहिलं, बरोबर चाललं. चालणारच, फाइल त्यांच्या मशीनवर होती. मग त्यांनी बदललेल्या फाइली कमिट केल्या. नवी फाइल खालच्या यादीत होती. ती त्यांनी वाचली नाही. घाई होती म्हणाले. कशाची ते आता आठवत नाही म्हणाले.

सर्व्हरवर प्रोग्राम गेला, फाइल गेली नाही. आठ दिवस कोणाला कळलं नाही, कारण काही बंद पडलं नव्हतं. रिपोर्ट छापून येत होते, फक्त खूण येत नव्हती. त्या आठ दिवसांत एका बाळाचा रिपोर्ट निघाला. हिमोग्लोबिन बारा, पुढे खूण नाही. बाळाला घरी सोडलं. आकडा कमी होता तो रक्तपेशी फुटत होत्या म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी ते पिवळं पडून परत आलं. वाचलं, पण कावीळ डोक्यापर्यंत गेली होती. मुलीला ऐकू येत नाही.

लॅबमधून फोन आला तेव्हा सर उभे राहूनच बोलत होते. त्याच दुपारी त्यांनी ती फाइल सर्व्हरवर टाकली. तेव्हाच्या मालकांनी सांगितलं, झालं ना दुरुस्त, आता कुठं बोलायचं नाही. बाळाच्या घरच्यांना कावीळ एवढंच कळलं.

मी म्हटलं, ‘सर, पण आकडा तर छापलेला होता. डॉक्टरनं बघायला नको?’

‘त्यायचं ते पायतीन. मी माया यादीचं बोलून राह्यलो.’

रिपोर्टवरच्या नावावरून सरांनी घर शोधून काढलं. मुलीचं नाव गुंजन, बापाचं नरेश. देवळीजवळ दोन एकरांत भाजीपाला लावतो आणि रविवारी वर्ध्याच्या बाजारात बसतो. वांगी विकतो.

मी फाइल वाचली. वर त्या रिपोर्टचा नंबर आणि आकडा. खाली एकाखाली एक वाक्यं होती, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली. ‘नरेशभाऊ, तुम्हाला एक सांगायचं होतं.’ ‘नरेशभाऊ, गुंजनच्या वेळी जे झालं त्यात.’ ‘नरेशभाऊ, मी मोहोड, बाजारात तुमच्याकडे येतो तो.’ कुठलंच दुसऱ्या ओळीवर गेलेलं नव्हतं.

‘पयल्या वेळी सांगाले गेलतो,’ सर म्हणाले. ‘त्यानं विचारलं, किती देऊ? म्या म्हटलं, दोन किलो. बस. तवापासून वांगेच आणून राह्यलो.’

मग म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात मशीन तुयी होईन. मंग हे फाइल कुठं जाईन? तू देवळीची हायेस. मले त्याच्या वावरात घेऊन चालशील का?’

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी त्या माणसाच्या जिवाला घोर कशाला? सर म्हणाले, ‘त्याले वाटते त्याच्या नशिबात होतं. त्याची बायको म्हणते तिनं गरोदरपणात काई खाल्लं असन. अकरा वर्षं झाले, ते स्वतःले दोष देऊन राह्यली. बाजारात मायासमोर बोलली. अन् मी वांगे निवडत होतो.’

शनिवारी सकाळी मी स्कूटी काढली.

वावर रस्त्याला लागूनच होतं. नरेशभाऊ ठिबकची नळी जोडत होते. चाळिशीचा, रापलेला, शांत माणूस. सरांना बघून त्यांचा चेहरा खुलला. ‘अरे सर, तुमी इकडं? उद्या बाजारात येतच होतो ना.’ बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. वहिनी पदराला हात पुसत आल्या. गुंजन झोपडीच्या सावलीत वही घेऊन बसली होती, कानात ऐकायचं यंत्र. तिनं सरांना बघून हात हलवला.

सर उभेच राहिले. खाट पुढे केली तरी बसले नाहीत. मी पाठीमागे, स्कूटीजवळ. मला वाटलं होतं, ते रडतील, नाहीतर शब्द अडतील. तसं काही झालं नाही. वर्गात गणित समजावतात तसं त्यांनी सगळं सांगितलं, पायरीपायरीनं. फाइल काय असते, यादी काय असते, कोणती राहिली, कोणाकडून राहिली. ‘तुमच्या नशिबाचं काई नाई त्याच्यात, नरेशभाऊ. अन् बाई, तुमी काई खाल्ल्यानं बी झालं नाई. ते यादी म्या वाचली नाई.’

वहिनी खाली बसल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तो आवाज रडण्याचा होता की सुटल्याचा ते मला आजही सांगता येणार नाही.

नरेशभाऊंच्या हातात नळी तशीच होती. त्यांनी विचारलं, ‘इतके वर्षं तुमी मायापासून वांगे घेऊन राह्यले, ते यासाठी?’

‘हो.’

‘मले वाटे तुमाले मायी वांगी आवडते.’

नरेशभाऊंनी नळी खाली ठेवली.

‘तुमचं नाव तरी खरं सांगतलंतं का?’

‘खरं सांगतलंतं.’

‘जा आता,’ नरेशभाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही. ‘अन् माया दुकानावर येऊ नोका.’

परत घरी उतरल्यावर सर म्हणाले, ‘बरोबरच बोलला तो.’ मला इतका राग आला होता, सरांचा, त्या मालकांचा, माझा स्वतःचाही. मी नीट निरोपसुद्धा घेतला नाही.

शेवटच्या दिवशी सरांनी नेहमीसारखी यादी वाचली. देवळीपाशी आले. मी विचारलं, ‘आता पुसायची ना? सांगून तर झालं.’ सरांनी मान हलवली. ‘सांगतलं म्हणजे मिटलं, असं थोडीच असते.’ त्यांनी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, ड्राइव्ह खिशात न चालणाऱ्या पेनाशेजारी ठेवला, आणि मग मशीनवरची फाइल स्वतःच्या हातानं पुसली. स्थिती विचारली. खाली काहीच नव्हतं. खुर्ची आत सरकवून ते जिना उतरून गेले. सोमवारी वांगी आली नाहीत. मावशी म्हणाल्या, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

दोन महिने गेले. एका रविवारी आई मला वर्ध्याच्या बाजारात घेऊन गेली. मी नरेशभाऊंच्या रांगेत जायचं टाळत होते, पण वहिनींनी मला लांबून ओळखलं आणि हाक मारली. ‘तुमी त्यायच्या संगं आल्या होत्या ना? सर दिसत नाई बाजारात.’

मी म्हटलं, ‘भाऊ येऊ नका म्हणाले होते.’

नरेशभाऊ गिऱ्हाइकाला वांगी तोलत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची एक सवय मी सरांकडून ऐकली होती. ते कोणालाच वांगी निवडून देत नाहीत. ढीग समोर, ज्यानं त्यानं निवडून घ्यायची. ‘मी निवडले अन् एक किडकं निंगालं का मंग फसवलं म्हणता,’ असं म्हणायचे. अकरा वर्षं सर त्या ढिगापुढे उकिडवे बसून एकेक वांगं उलटंपालटं करून बघायचे.

गिऱ्हाईक गेलं. नरेशभाऊंनी तराजूमागून एक पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. भरलेली होती, आधीपासून बांधून ठेवलेली. ‘त्यायले देजा,’ म्हणाले, आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आईला बाजारातच थांबवून मी तशीच सरांच्या घरी गेले. ते अंगणात होते. खूप वाळले होते, गळ्याची शीर दिसत होती. ते आजारी असतील हे मला तेव्हा कळलं नाही. मी पिशवी पुढे केली आणि कोणी दिली ते सांगितलं. सरांनी ती घेतली नाही, आधी विचारलं, ‘त्यानं स्वतः देल्ली? का बाईनं?’

‘भाऊंनी. आधीच भरून ठेवली होती.’

मग ते पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. एकेक वांगं बाहेर काढायचे, देठापासून खालपर्यंत फिरवून बघायचे, ओट्यावर ठेवायचे. मी दारात उभी. बसची वेळ झाली होती, पण या वेळी मी घाई केली नाही. शेवटचं वांगं ठेवून त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. आत काही राहिलं नव्हतं.

‘एक बी किडकं नाई,’ सर म्हणाले. ‘नरेशनं निवडून देल्ले.’

मी फाटकाशी येऊन मागे पाहिलं तेव्हा ते ओट्यापाशीच उभे होते, आणि पहिल्या वांग्यापासून पुन्हा बघायला लागले होते.